निअँडरथलची हाडं कुठे कुठे सापडली?

ड्युसेलकाठी | रविवार, सकाळी ९:१०

मंडळी, गेली सहा वर्षं मी ड्युसेलडॉर्फला राहतो. शहरातून एस-२८ लोकल पकडली की अर्ध्या तासाच्या आत 'निअँडरथल' नावाचं स्टेशन येतं. खाली उतरलं की झाडी, ओढ्याएवढी ड्युसेल नदी आणि थोडं चाललं की संग्रहालय. गेल्या शनिवारी आमच्या इथल्या मराठी शाळेतल्या नऊ मुलांना घेऊन गेलो होतो. सगळं बघून झाल्यावर सात वर्षांच्या एका मुलीनं विचारलं, "काका, पण ती गुहा कुठंय?"

मी हवेत बोट दाखवलं. दुसरं काही दाखवण्यासारखं नव्हतंच. निअँडरथल या नामशेष झालेल्या मानवजातीची हाडं जिथे प्रथम ओळखली गेली, ती फेल्डहोफर गुहा दरीच्या तळापासून सुमारे २० मीटर वर, चुनखडीच्या कड्यात होती. तो अख्खा कडाच खाणवाल्यांनी फोडून नेला. कडा गेला, गुहा गेली, उरली ती मोकळी हवा. मुलगी बराच वेळ वर बघत राहिली. तिचा तो प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा काढतोय.

झालं असं होतं. ऑगस्ट १८५६ मध्ये खाणकामगार चुनखडी काढायच्या आधी गुहेतला चिखल उपसून खाली दरीत टाकत होते. त्यात जाडजूड हाडं आली. मालकांना वाटलं गुहेतल्या अस्वलाची असतील. त्यांनी ती एल्बरफेल्डच्या योहान कार्ल फुलरोट या शिक्षकांकडे दिली. फुलरोटना निसर्गशास्त्राचा नाद होता. कवटीचा वरचा भाग, भुवईच्या जागी आलेला हाडाचा कंगोरा, मांडीची हाडं बघून ते म्हणाले, हा माणूस आहे, पण आपल्यासारखा नाही. बॉनचे शरीरशास्त्रज्ञ हेर्मान शाफहाउझेन यांनी त्यांना साथ दिली आणि १८५७ मध्ये दोघांनी हे जाहीर केलं. डार्विनचा ग्रंथ यायला अजून दोन वर्षं होती. पुष्कळांना ते पटलं नाही. एकानं तर हा मुडदूस झालेला रशियन कोसॅक घोडेस्वार असणार, असंही मांडलं. शेवटी १८६४ मध्ये विल्यम किंग यांनी त्याला होमो निअँडरथालेन्सिस हे नाव दिलं.

एकूण १६ हाडं हाती लागली. उरलेलं त्या चिखलाबरोबर खाली गेलं, आणि ते कुठे गेलं हे १४० वर्षं कुणालाच माहीत नव्हतं. १९९७ मध्ये राल्फ श्मिट्स आणि युर्गेन थिसेन यांनी जुनी कागदपत्रं आणि चित्रं धुंडाळून तो टाकलेला ढिगारा शोधून काढला. त्यातला हाडाचा एक तुकडा १८५६ च्या डाव्या मांडीच्या हाडाला गुडघ्यापाशी बरोबर बसला! २००० साली गालाच्या हाडाचा तुकडा मिळाला, तोही जुन्या कवटीला जुळला. शिवाय दुसऱ्याही एका व्यक्तीची हाडं निघाली.

आता माझं म्हणणं. निअँडरथल सापडलेल्या जागा मी नकाशावर मांडायला घेतल्या आणि मला वाटू लागलं, की या नकाशात ते कुठे राहत होते यापेक्षा आपण कुठे खणलं हेच जास्त दिसतं. चुनखडी आणि खाणी, बस. जाणकारांनी भर घालावी, चुकत असेन तर सांगावं.

सायली_म | रविवार, सकाळी ९:५२

सुंदर धागा, वाचतेय. एक शंका. काही जण निअँडरथल लिहितात, काही निअँडरटाल. बरोबर काय?

ड्युसेलकाठी | रविवार, सकाळी १०:१५

'टाल' म्हणजे दरी. पूर्वी जर्मनमध्ये ते 'थ'सारख्या अक्षरांनी लिहायचे, उच्चार मात्र 'टाल'च. १९०१ च्या सुधारणेत लेखन बदललं, पण शास्त्रीय नावात आणि स्टेशनच्या पाटीवर जुनं राहिलं. मराठीत दोन्ही चालावं. दरीचं नाव पडलं ते योआखिम निआंडर या सतराव्या शतकातल्या भक्तिगीतकार धर्मोपदेशकावरून. त्यांच्या घराण्याचं मूळ आडनाव नॉयमान. आजोबांनी त्या काळच्या पद्धतीप्रमाणे त्याचं ग्रीक करून निआंडर केलं. दोन्हीचा अर्थ एकच, 'नवा माणूस'. मला हा योगायोग फार आवडतो.

गारगोटी | रविवार, सकाळी ११:३०

उत्तम लिहिलंय. मी डेक्कन कॉलेजला पुरातत्त्वशास्त्रात एम.ए. केलं, पाषाणयुग हाच विषय होता. दोन गोष्टी जोडते.

पहिली म्हणजे, १८५६ चा शोध पहिला नव्हे. बेल्जियममधल्या एंगिसच्या गुहेत फिलिप-शार्ल श्मेरलिंग यांना १८२९-३० च्या सुमारास एका लहान मुलाची कवटी मिळाली होती. ती निअँडरथलची आहे हे कळायला १९३६ उजाडलं. दुसरी कवटी जिब्राल्टरची, फोर्ब्ज खाणीतली. मार्च १८४८ मध्ये लेफ्टनंट एडमंड फ्लिंट यांनी ती तिथल्या सायंटिफिक सोसायटीपुढे ठेवली. बैठकीत नोंद झाली आणि कवटी कपाटात गेली. खरं तर तिला पूर्ण चेहरा आहे, फेल्डहोफरच्या कवटीला तर चेहराच नव्हता. कुणी वेळेत ओळखलं असतं तर आज आपण 'जिब्राल्टर मानव' म्हणत असतो. ती कवटी बाईची आहे, हे अलीकडे डीएनएवरून पक्कं झालं.

म्हणजे सापडणं आणि ओळखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या नकाशावर प्रत्येक जागेपुढे दोन सनावळ्या लिहा.

दुसरी गोष्ट थोडी विरोधातली. चुनखडीचं म्हणणं बरंचसं खरं आहे, पण सगळं नाही. क्रोएशियातलं क्रापिना घ्या. हुश्न्याकोवो टेकडीवरचा तो आडोसा वालुकाश्मातला. १८९९ पासून द्रागुतिन गोर्यानोविच-क्रामबर्गर यांनी तिथे जवळजवळ ९०० हाडं काढली, लहान मुलांपासून मोठ्यांपर्यंत, सुमारे १,३०,००० वर्षांपूर्वीची. तिथेच गरुडाच्या आठ नख्या मिळाल्या होत्या. शंभरावर वर्षांनी, २०१५ मध्ये, त्या पुन्हा तपासल्या तेव्हा त्यांवर कापल्याच्या आणि घासल्याच्या खुणा दिसल्या. दागिना म्हणून ओवल्या असाव्यात असं अभ्यासकांचं म्हणणं आहे.

आणि उत्तर समुद्राचं काय? २००१ मध्ये नेदरलँड्सच्या किनाऱ्यापलीकडे शिंपल्यांसाठी समुद्रतळ उपसत होते, त्या उपशात कवटीचा एक तुकडा आला. एका हौशी संग्राहकाची नजर पडली म्हणून वाचला. २००९ मध्ये तो निअँडरथलचा असल्याचं जाहीर झालं. तेव्हा समुद्राची पातळी खाली होती, तिथे कोरडी जमीन होती. ते लोक उघड्या मैदानातही हिंडत होते. मैदानातली हाडं कुजली, गुहेतली टिकली, एवढंच.

अस्थिवैद्य | रविवार, दुपारी २:०५

मी सोलापूरला हाडांचा डॉक्टर आहे. ला शापेल-ओ-सेंच्या सांगाड्याबद्दल लिहितो, कारण तो माझ्या दृष्टीनं एक चुकलेलं निदान आहे.

फ्रान्समधल्या कोरेझ भागात ३ ऑगस्ट १९०८ रोजी बुइसोनी बंधूंना, त्यांतले दोघे धर्मगुरू, एका लहान गुहेत जवळजवळ पूर्ण सांगाडा मिळाला. पॅरिसच्या मार्सेलाँ बूल यांनी त्याचा अभ्यास केला आणि गुडघे वाकलेला, मान पुढे काढून चालणारा, अर्धा वानर अशी त्याची प्रतिमा उभी केली. पाठ्यपुस्तकांत, चित्रांत, लोकांच्या बोलण्यात ती इतकी रुतली, की आजही 'निअँडरथल' ही शिवी आहे. १९५७ मध्ये स्ट्रॉस आणि केव्ह यांनी हाडं पुन्हा पाहिली. मणक्यांना झिजेचा संधिवात होता, दाढा बहुतेक गेलेल्या होत्या. रुग्णाचा सांगाडा बघून अख्ख्या जमातीची ठेवण ठरवली गेली होती!

माझ्या ओपीडीत असे म्हातारे रोज येतात. कमरेत वाकलेले, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून. उद्या कुणी त्यांचा एक्स-रे बघून 'सोलापूरची माणसं वाकून चालत' असं लिहिलं, तर कसं वाटेल?

तसाच इराकी कुर्दिस्तानातल्या शनिदार गुहेतला पहिला सांगाडा. राल्फ सोलेकी यांच्या चमूला तिथे १९५० च्या दशकापासून दहा जणांचे अवशेष मिळाले. हा पहिला गडी चाळिशी ओलांडलेला. डाव्या डोळ्याजवळ जबर मार, बहुधा तो डोळा गेलेला. उजवा हात वाळलेला, कोपराच्या वरपर्यंतच उरलेला. पायालाही दुखापत. कानाच्या नळीत हाड वाढलेलं, म्हणजे ऐकूही नीट येत नसणार. आणि या सगळ्या जखमा भरून आलेल्या आहेत. हाड भरून यायला वेळ लागतो, तेवढा काळ कुणीतरी त्याला खाऊ घातलं, सांभाळलं. एवढं मी हाडं बघून छातीठोकपणे म्हणेन.

मुळामुठा | रविवार, दुपारी ३:४०

शनिदारमध्येच ना, मृताला फुलांवर निजवलेलं सापडलं होतं? शाळेत असताना वाचलं होतं, तेव्हा अंगावर काटा आला होता.

गारगोटी | रविवार, संध्याकाळी ५:१५

चौथा सांगाडा, १९६०. अर्लेट लरुआ-गुराँ यांना त्याच्याभोवतीच्या मातीत परागकणांचे पुंजके दिसले आणि 'फुलांचं दफन' ही कल्पना जगभर गेली. पुढे शंका आल्या. बिळं करणारे उंदरासारखे प्राणी फुलं ओढून साठवतात, जमिनीत घर करणाऱ्या मधमाश्याही पराग आणतात. मला स्वतःला आता फुलांचा पुरावा पुरेसा वाटत नाही. सांगताना मलाही वाईट वाटतं.

पण दफनाचा प्रश्न त्यानं संपत नाही. केंब्रिजचा चमू तिथे गेली काही वर्षं पुन्हा खणतोय. २०१८ मध्ये त्यांना चौथ्या सांगाड्याजवळच आणखी एक मिळाला, 'शनिदार झेड', सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीची, चाळिशीतली बाई. कवटी दगडामातीच्या भारानं चेपून दोन सेंटीमीटर जाडीची झाली होती. हाडं इतकी मऊ, की चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी. आधी त्यांना मातीसकट घट्ट करून छोट्या ठोकळ्यांत उचललं आणि मग दोनशेहून अधिक तुकडे जुळवून कवटी उभी केली. २०२४ मध्ये तिचा चेहरा घडवून दाखवला. एकाच कोपऱ्यात पुन्हापुन्हा माणसं ठेवली गेली, हे मला फुलांपेक्षा जास्त बोलकं वाटतं.

सह्यकडा | रविवार, रात्री ८:२०

मी गुहांमध्ये उतरणारा माणूस, म्हणून दोन जागा सांगायलाच हव्यात. दोन्ही शास्त्रज्ञांना नव्हे, आमच्यासारख्यांना सापडल्या.

इटलीत अल्तामुरा गावाजवळ लामालुंगा नावाची गुहा आहे. ऑक्टोबर १९९३ मध्ये गुहाप्रेमी चिंचोळ्या वाटांनी आत गेले आणि एका कोपऱ्यात कवटी त्यांच्याकडे बघत होती. तो माणूस वरच्या विवरातून आत पडला असावा आणि त्याला बाहेर पडता आलं नाही. झिरपणाऱ्या पाण्यानं हाडांवर चुन्याचे दाणे चढले, लाह्या चिकटाव्यात तसे. ते थर किमान १,३०,००० वर्षांपूर्वीचे आहेत. सांगाडा जवळजवळ पूर्ण आहे आणि अजून तिथेच आहे. काढायला गेलं तर तुटेल. डीएनएसाठी खांद्याच्या हाडाचा छोटा तुकडा लांब दांड्यानं काढला, बाकी त्याला तसाच ठेवलाय. अंधारात एकट्यानं अडकणं काय असतं याची चुणूक मी एकदा घेतलीय, दीड तासच, तीही मित्र वर दोर घेऊन उभे असताना. त्या माणसाचा विचार आला की झोप लागत नाही.

दुसरी, स्पेनच्या अस्तुरियास प्रांतातली एल सिद्रोन. १९९४ मध्ये जबडे सापडले आणि प्रकरण पोलिसांकडे गेलं, कारण यादवी युद्धात लोक त्या गुहेत लपत असत, त्यातलेच कुणी मारले गेले असतील असं वाटलं. निघाले सुमारे ४९,००० वर्षांपूर्वीचे. किमान १३ जण, बायका, पुरुष, मुलं. हाडांवर कापल्याच्या आणि फोडल्याच्या खुणा आहेत, बहुधा त्यांना खाल्लं गेलं.

सायली_म | रविवार, रात्री ९:०५

एल सिद्रोनवर मीही वाचलंय. तिथल्या तीन प्रौढ पुरुषांचा आईकडून येणारा डीएनए एकाच वंशाचा निघाला, बायकांचा मात्र वेगवेगळा. म्हणजे पुरुष जन्मल्या टोळीतच राहत आणि बायका दुसरीकडून येत. वाचलं तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते, माझ्या लग्नाला दोनच महिने झाले होते. ४९,००० वर्षांपूर्वी कुणीतरी असंच आपली माणसं सोडून परक्या आगीपाशी येऊन बसली असेल, हे मनात आलं आणि डोळे भरून आले.

ड्युसेलकाठी | रविवार, रात्री ९:४०

सायली, याला सायबेरियातून दुजोरा आहे. अल्ताई पर्वतातली चागिर्स्काया गुहा, निअँडरथलांच्या मुलखाचं पूर्वेचं टोक. २०२२ मध्ये तिथल्या हाडांचा डीएनए प्रसिद्ध झाला. एक बाप आणि त्याची किशोरवयीन मुलगी ओळखू आली, सुमारे ५४,००० वर्षांपूर्वीची. तिथेही आईकडच्या डीएनएत विविधता जास्त आणि बापाकडच्यात फार कमी. म्हणजे बायका टोळी बदलत.

त्याच अल्ताईत देनिसोवा गुहा. तिथला हाडाचा एक तुकडा, जेमतेम दोन-अडीच सेंटीमीटरचा, प्राण्यांच्या दोन हजारांवर तुकड्यांत मिसळलेला होता. प्रथिनांची तपासणी करून तो माणसाचा म्हणून वेगळा काढला. २०१८ मध्ये कळलं की ती तेरा वर्षांवरची मुलगी होती, आई निअँडरथल आणि बाप देनिसोवन, म्हणजे याच गुहेवरून नाव पडलेल्या दुसऱ्या एका नामशेष मानवजातीचा. दोन मानवजातींचं थेट पहिल्या पिढीतलं लेकरू. अशा चिमूटभर हाडाला मी नकाशावर सगळ्यांत मोठा ठिपका देईन.

प्रवराकाठ | सोमवार, सकाळी ७:३०

मी नेवाशाजवळच्या शाळेत इतिहास शिकवतो. आमच्याकडे प्रवरेच्या पात्रात दगडी हत्यारं मिळतात हे सगळ्यांना माहीत आहे. डॉ. ह. धी. सांकलियांनी इथे उत्खनन केलं, मध्य पुराश्मयुगाच्या इथल्या हत्यारांना 'नेवासियन' नाव पडलं. जवळच चिरकीला गुडरून कॉर्विनस या जर्मन बाईंनी १९६० च्या दशकात हातकुऱ्हाडी काढल्या. मग विद्यार्थी विचारतात, सर, हत्यारं आहेत तर माणूस कुठे गेला? भारतात निअँडरथल कधी आलेच नाहीत का?

गारगोटी | सोमवार, सकाळी १०:००

सर, हा प्रश्न मला एम.ए.च्या पहिल्या आठवड्यात पडला होता. आजपर्यंत भारतात निअँडरथलचं एकही हाड मिळालेलं नाही. आपल्याला सगळ्यांत जवळची मोठी जागा उझबेकिस्तानातली तेशिक-ताश. १९३८ मध्ये अलेक्सी ओक्लादनिकोव यांना बैसुनच्या डोंगरात, अफगाण सीमेपासून फार लांब नाही, आठ-दहा वर्षांच्या मुलाचा सांगाडा मिळाला. भोवती रानबोकडाची शिंगं होती.

पण तुमच्या विद्यार्थ्यांना आधी जमीन दाखवा. महाराष्ट्राचा बहुतेक भाग लाव्हाचा काळा पाषाण. त्यात पाण्यानं कोरलेल्या चुनखडीच्या खोल गुहा नाहीत, आपल्या गुहा माणसानं कोरलेल्या. वर मोसमी पाऊस, दर वर्षी भिजणारी-सुकणारी माती. अशा मातीत हाड विरघळतं, दगड राहतो. म्हणून प्रवरेत हत्यार मिळतं आणि ते धरणारा हात मिळत नाही.

सगळ्या उपखंडात त्या काळचं मानवी कवटीचं एकच नावाजलेलं जीवाश्म आहे. मध्य प्रदेशात नर्मदाकाठी हथनोरा इथे ५ डिसेंबर १९८२ रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना दगडगोट्यांच्या घट्ट थरात अर्धी कवटी मिळाली. त्यांनी तिला होमो इरेक्टस या आपल्याआधीच्या मानवजातीचा प्रकार म्हटलं, नंतर इतरांनी आदिम होमो सेपियन्स म्हटलं. तिच्या वयावर अजून एकमत नाही. निअँडरथल मात्र ती नव्हे.

मुळामुठा | सोमवार, सकाळी ११:२०

पण ताई, पुरावा नाही म्हणजे होते असंही म्हणता येत नाही ना? आंध्रात कर्नूलकडे चुनखडीच्या गुहा आहेत. तिथे तरी मिळायला हवं होतं.

गारगोटी | सोमवार, दुपारी १२:४५

बरोबर आहे तुमचं, आणि म्हणून मी 'होते' असं म्हणणार नाही. कर्नूलच्याच भागात ज्वालापुरमला इंडोनेशियातल्या टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीच्या राखेखाली आणि वरही हत्यारं मिळाली आहेत. ती कुणाची यावर वाद आहे, कारण हाड नाही. शिवाय फ्रान्सच्या एका दोर्दोन्य खोऱ्यात शंभरावर वर्षं जेवढी कुदळ चालली, तेवढी आपल्या अख्ख्या देशातल्या गुहांत चाललेली नाही. ला फेरासी, ल मुस्तिए या निअँडरथलांच्या जागा, सगळं हाकेच्या अंतरावर. ड्युसेलकाठी म्हणतात ते इथे पूर्ण खरं ठरतं.

अस्थिवैद्य | सोमवार, रात्री १०:१०

हाड नसलं तरी एक गोष्ट आपल्याकडे आहे. क्रोएशियातल्या विंदिया गुहेतल्या हाडांवरून स्वान्टे पेबो यांच्या गटानं निअँडरथलचा जनुकसंच वाचला, २०२२ मध्ये पेबोंना नोबेल मिळालं. २०२० मध्ये त्यांनी आणि ह्युगो झेबर्ग यांनी दाखवलं, की कोविड गंभीर होण्याशी जोडलेला तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक भाग निअँडरथलांकडून आलाय, आणि विंदियाच्या हाडातल्या जनुकाशी तो सगळ्यांत जवळचा आहे. युरोपात तो सुमारे १६ टक्के लोकांत आहे, दक्षिण आशियात जवळजवळ निम्म्या लोकांत. एकट्या त्या भागानं कुणी दगावत नाही; वय, मधुमेह, ऑक्सिजन न मिळणं ही कारणं मोठी. तसंच संरक्षण देणारा दुसरा भागही त्यांच्याचकडून आलेला सापडला. पण २०२१ च्या एप्रिलमध्ये वॉर्डात उभा असताना हे मला ठाऊक होतं, आणि समोरच्या खाटेवर माझा सख्खा मामा होता. त्यानंतर निअँडरथल मला कधी परके वाटले नाहीत.

सायली_म | मंगळवार, सकाळी ८:१५

डॉक्टर, काय बोलावं कळत नाही. मामांना नमस्कार.

ड्युसेलकाठी, मूळ हाडं प्रत्यक्ष कुठे बघायला मिळतात? पुढच्या वर्षी युरोपात यायचं ठरतंय.

ड्युसेलकाठी | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

नक्की या. निअँडरथल स्टेशनजवळच्या संग्रहालयात प्रतिकृती आहेत, १८५६ ची मूळ हाडं बॉनच्या राज्य संग्रहालयात. मांडीचं हाड नीट बघा, १९९७ चा तुकडा जोडलेली जागा समजते. जिब्राल्टरची कवटी लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाची, ला शापेलचा सांगाडा पॅरिसच्या मानव संग्रहालयाचा. क्रापिनाला टेकडीच्या पायथ्याशीच मोठं संग्रहालय झालंय. कुठली मूळ वस्तू त्या दिवशी मांडलेली आहे, हे आधी विचारून जा.

त्या मुलीला परवा गारगोटीताईंचा प्रवरेचा परिच्छेद वाचून दाखवला. तिची आजी श्रीरामपूरला असते. दिवाळीत गेल्यावर नदीवर जाणार म्हणाली, आणि दगड मिळाला तर उचलायचा नाही, फोटो काढून सरांना पाठवायचा, हेही तिनंच ठरवलंय. प्रवराकाठ सर, चालेल ना?

प्रवराकाठ | मंगळवार, रात्री ९:००

चालेल काय, मी स्वतः घेऊन जाईन. दिवाळीत पाणी उतरलेलं असतं, काठाचा गोट्यांचा थर उघडा पडतो. सकाळी लवकर या म्हणावं, तिरप्या उन्हात दगडावरचे घाव स्वच्छ दिसतात.